शिट्टीला ओ द्यायची नाही

११ जानेवारी

बारके,

आशीर्वाद. तुझं पत्र परवा आलं. तुझ्या आईने दोनदा वाचलं, मी चारदा. तू फोन कर म्हणतेस, पण तो विषय सोड. माझा डावा कान केव्हाच गेला आणि उजवा जायच्या तयारीत आहे. फोनवर तू बोलतेस आणि मी नुसता हो-हो करत बसतो. कागदावर मात्र मी तुझा आजोबा असतो.

हॉस्पिटलच्या चादरी धुण्याची मोठी लाँड्री आहे हे कळलं. त्या चादरींवर आजारी माणसं झोपलेली असतात हेही कळलं, आणि तेव्हापासून माझा घास घशाखाली उतरत नाही. हातमोजे देतात का? दोन्ही हातांचे देतात का? हसू नकोस. आमच्याकडे एकाच हाताचा देत.

सुपरवायझर तुम्हा बाहेरून आलेल्या बायकांना नावाने हाक मारत नाही, शिट्टी वाजवतो असं लिहिलंस. वाजवू दे. शिट्टीने अंगाला भोकं पडत नाहीत. मी एकतीस वर्षं बसगाड्यांच्या सीटा शिवल्या. फोरमनने मला कधी नावाने हाक मारली नाही. 'ए सुई' म्हणायचा. निरोपाच्या दिवशी फोटो काढतानासुद्धा म्हणाला, "सुई, वाक जरा, मागचे दिसत नाहीत." वाकलो. फोटो चांगला आला आहे.

युनियनची सभासद झालीस, ठीक. सभेला जा, पण मागच्या रांगेत दाराजवळ बस. त्यांचा मुलूख आहे, आपण परके. तिथे आपलं कोण आहे?

घशाची काळजी घे. पत्र लवकर पाठव, नाहीतर पोस्टमन माझी नजर चुकवतो.

नाना


२ फेब्रुवारी

नाना, नमस्कार.

हातमोजे दोन्ही हातांचे मिळतात. आता तरी जेवा.

आमच्या लाँड्रीत मधोमध एक भिंत आहे. अलीकडे ट्रकमधून मळके कपडे येतात, रक्ताचे, ओकारीचे, आणखी कशाकशाचे. ते आम्ही सोडवतो, वेगळे करतो आणि यंत्रात भरतो. यंत्रं भिंतीतच बसवलेली आहेत. त्यांचं एक दार आमच्या बाजूला उघडतं आणि दुसरं पलीकडे. मळकं इथून आत जातं, धुतलेलं तिकडून बाहेर पडतं. पलीकडे इस्त्रीचे रोलर, घड्या घालायची टेबलं, खिडक्या आणि रेडिओ. पलीकडे सगळ्या इथल्या बायका. अलीकडे आम्ही सतरा जणी, सगळ्या दुसऱ्या मुलखांतल्या, काळ्या-सावळ्या. हा नियम कुठे लिहिलेला नाही. मी एकदा विचारलं तर शिट्टी म्हणाला, "तुमच्या लोकांना वासाची सवय असते." सुपरवायझरला आम्ही शिट्टीच म्हणतो.

एवढंच असतं तर तुम्हाला लिहिलं नसतं. रुग्णांच्या कपड्यांत कधी घड्याळ राहतं, कधी अंगठी. म्हणून कामाची पाळी संपली की मळक्या बाजूची झडती होते. चादरींच्या कोठीत, एकेकीला आत घेऊन, दार लावून. झडती शिट्टी स्वतः घेतो. पलीकडच्या बायकांची झडती नाही.

आमच्यात वयाने सगळ्यात मोठी जी आहे तिला आम्ही मोठीच म्हणतो. मंगळवारी तिची झडती चालली होती आणि मी हातमोज्यांची पेटी ठेवायला कोठीकडे गेले. दार नीट लागलं नव्हतं. किती लिहू, नाना? त्याचे हात तिच्या खिशांत नव्हते. ती भिंतीकडे तोंड करून मोठ्याने आकडे म्हणत होती. नंतर विचारलं तर म्हणाली, "चाळीसपर्यंत मोजलं की सोडतो."

आम्ही दोघी युनियनच्या सेक्रेटरीकडे गेलो. तो बॉयलरवर असतो, इथलाच माणूस. म्हणाला, "झडती हा कंपनीचा नियम आहे. आणि तुमच्याकडच्या बायका स्पर्शाचं जरा जास्तच मनावर घेतात." मोठी म्हणाली, "आमच्याकडचे बॉयलरवाले ऐकून घेतात आणि मग बोलतात." त्याचे कान लाल झाले, पण त्याने कागद पुढे केला. मोठीने तक्रार लिहून दिली आहे. साक्षीदार म्हणून मी सही करणार आहे. तुम्हाला विचारत नाही, सांगते आहे.

बारकी


१४ फेब्रुवारी

बारके,

सही करू नकोस. आधी हे वाच, बाकीचं नंतर.

मोठीबद्दल वाईट वाटलं. पण तक्रार तिची आहे. ती वयाने मोठी आहे, तिचं ती बघेल. तू पेटी ठेवायला गेली होतीस, पेटी ठेवलीस आणि परत आलीस. बस. दार उघडं होतं की बंद हे कोण सांगणार? तू काही पाहिलं नाहीस म्हणालीस तर जगात कुणी तुला खोटं पाडू शकत नाही. पाहिलं म्हणालीस की मात्र सगळे तुझ्यावर उलटतील. कुठे उभी होतीस, किती वेळ, उजेड किती होता, तुझं त्याच्याशी भांडण होतं का. शेवटी अशी वेळ येते की तुझं तुलाच खरं वाटेनासं होतं. मला या गोष्टींची माहिती आहे. कशी ते विचारू नकोस.

तुझी आई विचारते पत्रात काय आहे. मी म्हणतो, हवा बरी आहे. रोज तिला हवा सांगून सांगून आता ती माझ्याकडे संशयाने बघते.

तो कामावरून काढू शकतो. राहायची खोलीही कंपनीचीच ना? मग बॅग घेऊन कुठे जाशील? नकाशात तुझं गाव शोधलं. माझ्या बोटापासून ते दीड वीत लांब आहे.

नाना


४ मार्च

नाना, नमस्कार.

सही केली.

त्यानंतरच्या शुक्रवारी त्याने मला झडतीला सगळ्यांत शेवटी ठेवलं. मी आकडे म्हटले नाहीत. त्याचा हात पुढे आला तेव्हा मी इतक्या जोरात ओरडले की भिंतीपलीकडचा रेडिओ कुणीतरी बंद केला. आता तक्रारी दोन आहेत आणि दुसरी माझी आहे.

पुढचं ऐका, हे तुम्हाला आवडेल. तुम्ही मला बस-सीटचा दुहेरी टाका शिकवला होता, तो मी सोळा जणींना शिकवला. रविवारी माझ्या खोलीत बसून प्रत्येकीने एप्रनवर छातीपाशी आपलं नाव शिवलं, आपापल्या लिपीत. सात लिप्या झाल्या. सोमवारी सकाळी त्याने शिट्टी वाजवली. कुणी वळलं नाही. पुन्हा वाजवली. मोठी कपडे वेगळे करत राहिली आणि कपड्यांकडेच बघत म्हणाली, "कुत्रं हरवलंय वाटतं कुणाचं." तो समोर येऊन ओरडला, "बहिऱ्या झालात का?" मी एप्रनवर बोट ठेवलं आणि म्हटलं, "नाव इथे आहे." तो म्हणाला, "हे मला वाचता येत नाही." म्हटलं, "मग विचारा."

तीन दिवस त्याने शिट्टी वाजवली, तीन दिवस आम्ही ओ दिली नाही. चौथ्या दिवशी तो मोठीपाशी आला आणि दात आवळून विचारलं, "तुझं नाव काय?" ती इथे येऊन दोन वर्षं झाल्यावर, नाना!

युनियनच्या सभेत आम्ही तीन मागण्या मांडल्या: हाताने झडती बंद, बाजू चिठ्ठ्या टाकून, तक्रारीची चौकशी बाहेरच्या लोकांकडून. पलीकडची एक जण म्हणाली, "यात युनियन कशाला फोडता?" मी पहिल्या रांगेत होते. उठून म्हटलं, "मोर्चात ओळी भरायला आम्ही चालतो. तेव्हा भिंत कुठे जाते?" टाळ्या पडल्या नाहीत, पण सेक्रेटरीने मागण्या लिहून घेतल्या.

कंपनीच्या मोठ्या साहेबांपुढे सुनावणी अठ्ठावीस मार्चला आहे. साक्षीदार मी एकटीच आहे. पलीकडच्या कुणी बोलत नाहीत. सगळं माझ्या शब्दावर आहे, म्हणून मी नीट झोपते आणि नीट जेवते. तुम्हीही तसंच करा.

बारकी


१५ मार्च

बारके,

पत्र पोचलं. टाका चांगला घातला असशील. दोरा मेणातून काढला होतास ना?

तू आता काही करू नकोस. मी बघतो.

नाना


३० मार्च

नाना,

सुनावणीत मी सगळं सांगितलं. उजेड किती होता, कुठे उभी होते, किती वेळ. एकदाही अडखळले नाही. मग मोठ्या साहेबांनी चष्मा लावला, फायलीतून एक पत्र काढलं आणि मोठ्याने वाचलं. त्यांच्याच भाषेत, सुंदर अक्षरात लिहिलेलं.

"माझी नात अल्लड आहे. लहानपणापासून तिला गोष्टी रंगवून सांगायची सवय आहे. ती पाहिलं म्हणते ते तिला तसं वाटलं असेल. वडीलकीच्या नात्याने मी तिच्या वतीने क्षमा मागतो. सुपरवायझर साहेबांनी मन मोठं करावं आणि तिला कामावर ठेवावं."

खाली तुमची सही. ती मी कुठेही ओळखेन.

साहेब म्हणाले, "तुझ्या घरचेच असं म्हणतात, मग आम्ही काय समजायचं?" शिट्टी नखं बघत हसत होता. सेक्रेटरीने माझ्याकडे पाहिलं. मोठीने पाहिलं नाही. ते मला जास्त लागलं.

सेक्रेटरीने मुदत मागून घेतली. पुढची तारीख वीस एप्रिल. त्या दिवशी माझी साक्ष फेटाळली तर मोठीची तक्रार गेली, माझीही गेली, आणि खोटी तक्रार केली म्हणून आम्ही दोघीही गेलो.

मी कधी तुमच्याशी खोटं बोलले? एकदा तरी?

काळजीपोटी केलं असं लिहू नका. ते मला माहीत आहे.


९ एप्रिल

बारके,

तुझ्या आईला सगळं सांगितलं. ती माझ्याशी बोलत नाही. ताट समोर ठेवते आणि आत जाते. बरोबर आहे तिचं.

ते पत्र मी शेजारच्या मास्तरीणबाईंकडून लिहून घेतलं. त्यांना ती भाषा येते. त्यांनी विचारलं होतं, "मुलीला विचारलंत का?" मी हो म्हणालो. पत्ता तुझ्या पाकिटामागे होताच. मला वाटलं, म्हाताऱ्याने हात जोडले की साहेब लोकांचा राग उतरतो. जन्मभर मी हेच केलं. माझा राग कुणाला कधी दिसलाच नाही, त्यामुळे तो उतरवायची वेळ कुणावर आली नाही.

आता ते सांगतो जे विचारू नकोस म्हणालो होतो. आमच्या सीटखात्यात एक बाई होती. कडांना डिंक लावायचं काम तिचं. सगळ्यांत घाण काम ते, डोळे चुरचुरायचे. त्या कामाला तिच्याच वस्तीतल्या बायका लावत, दुसऱ्या कुणाला नाही. तेव्हा मला हे दिसलंसुद्धा नव्हतं. तुझी भिंत वाचली तेव्हा दिसलं. फोरमन तिला रेक्झिनच्या गठ्ठ्यांमागे बोलवायचा. एके दिवशी मी माप घ्यायला तिथे गेलो. त्याने तिला धरलं होतं. तिने तक्रार केली, साक्षीला माझं नाव सांगितलं. आमच्या युनियनचे पुढारी मला म्हणाले, "सुई, त्या लोकांच्या बायकांचं काय ऐकायचं? आपल्या खात्याची अब्रू आहे." त्यांनी कागद पुढे केला. "मी काही पाहिलं नाही." मी सही केली. आठवड्याने तिची जागा रिकामी होती. डिंकाच्या डब्यावर दुसरी आली, त्याच वस्तीतली.

त्या सहीने मला काय मिळालं ते सांगतो. काही नाही. मी होतो तसाच सुई राहिलो.

सोबत दुसरं पत्र आहे, मोठ्या साहेबांच्या नावाने. मास्तरीणबाई या वेळीही लिहून द्यायला तयार होत्या. मी नको म्हणालो. चार कागद फाडले, हा पाचवा. तू वाच, पटलं तर दे. नाही पटलं तर फाड. या वेळी तुला विचारतो आहे.

नाना


(सोबतचं पत्र)

मोठे साहेब यांस,

लाँड्रीच्या मळक्या बाजूला काम करणाऱ्या, साक्ष देणाऱ्या मुलीचा मी आजोबा. तुमच्या फायलीत माझं एक पत्र आहे. त्यातलं अक्षर दुसऱ्याचं आहे, भित्रेपणा माझा आहे.

हे पत्र मी माझ्या भाषेत लिहितो. मला हीच येते, तीही चौथीपर्यंतची. तुम्हाला ती वाचता येणार नाही. माझ्या नातीला वाचायला सांगा. ती आहे तसं वाचेल, एक अक्षर इकडचं तिकडे करणार नाही. हे मी शपथेवर सांगू शकतो, कारण तिला मी वाढवलं आहे. सहा वर्षांची असताना तिच्या हातून माझा चष्मा फुटला. मी घरात नव्हतो, कुणी पाहिलं नव्हतं. मी आल्याबरोबर ती काचा ओंजळीत घेऊन समोर उभी राहिली. गोष्टी रंगवून सांगायची सवय मला आहे.

मी तुमच्या कोठीत नव्हतो. मला काहीच माहीत नव्हतं. तरी मी तुम्हाला लिहिलं आणि तुम्ही ते खरं धरलं. ती तिथे होती आणि तिने पाहिलं, ते मात्र तुम्ही खोटं धरता. दोन दिवसांच्या प्रवासाइतक्या लांब बसलेल्या घाबरट म्हाताऱ्याचं तुम्हाला ऐकू येतं आणि समोर उभ्या असलेल्या बाईचं येत नाही. माझे कान गेलेले आहेत, तुमचे तर शाबूत असतील.

क्षमा मागितली होती ती परत द्या. जुनं पत्र फाडू नका. हे त्याच्यावर टाचा, म्हणजे फाईल उघडली की आधी हे दिसेल.

बस-सीट शिवणारा, निवृत्त


२५ एप्रिल

नाना,

मी ते पत्र मोठ्या साहेबांसमोर ठेवलं. त्यांनी उलटसुलट करून पाहिलं. "हे काय आहे?" म्हटलं, "त्याच माणसाचं दुसरं पत्र." म्हणाले, "अर्थ सांग." म्हटलं, "पहिलं तुम्ही पूर्ण वाचलं होतं. हे मी पूर्ण वाचते, मग अर्थ सांगते." आणि वाचलं. आपल्या भाषेत, सावकाश, पहिल्या ओळीपासून. खोलीत कुणाला एक शब्द कळत नव्हता आणि सगळ्यांना बसून ऐकावं लागलं. शिट्टी घड्याळ बघायला लागला. चष्म्यापाशी माझा आवाज जरा गेला, पण थांबले नाही.

मग अर्थ सांगितला. साहेब म्हणाले, "हे तू म्हणतेस तसंच लिहिलंय कशावरून? आम्ही बाहेरचा माणूस बोलावू." तेव्हा सेक्रेटरी उठला. "जरूर बोलवा," म्हणाला. "तो येईपर्यंत आम्ही इथेच बसतो. बॉयलरही बसतो." बॉयलर थांबला की दोन्ही बाजू थांबतात, नाना. शहरातल्या तीन हॉस्पिटलांना दुसऱ्या दिवशी चादर मिळत नाही.

आणि दार उघडून पलीकडची रोलरवाली आत आली, पन्नाशीची, इथलीच. कुणी बोलावलं नव्हतं. म्हणाली, "दहा वर्षांपूर्वी झडती आमच्या बाजूलाही होती. हाच घ्यायचा, अशीच घ्यायचा. आम्ही बोंब मारली तेव्हा ती बंद झाली. बंद झाली नव्हती, भिंतीपलीकडे गेली होती. आम्ही सुटलो आणि रेडिओचा आवाज वाढवला." ती बसली नाही. उभ्यानेच सही केली. संध्याकाळपर्यंत पलीकडच्या अकरा सह्या झाल्या.

बाहेरचा माणूस आला. त्याने तुमचं पत्र वाचलं आणि म्हणाला, मुलीने अर्थ सांगितला तो जसाच्या तसा आहे.

शिट्टीला चौकशी संपेपर्यंत घरी बसवलं आहे. चौकशी बाहेरची समिती करणार. मोठी म्हणते, "घरी म्हणजे सुट्टीच की," आणि ते खरं आहे, म्हणून आम्ही रोज कामावर येताना कचेरीत डोकावून विचारतो, समिती कधी येते. हाताने झडती बंद. उघड्यावर जाळीचं टेबल ठेवलं आहे, कपडे त्यावर सगळ्यांसमोर झटकायचे. दर सोमवारी चिठ्ठ्या टाकून बाजू ठरते. परवा रोलरवालीची मळकी बाजू आली. पहिल्याच गाठोड्यावर तिला उलटी झाली. मोठीने तिला पाणी दिलं आणि म्हणाली, "वासाची सवय कुणालाच नसते."

तुमच्यावरचा राग अर्धा गेला. उरलेला अर्धा माझा नाही, त्या डिंकवाल्या बाईचा आहे. ती कुठे असते?

बारकी


११ मे

बारके,

तुझ्या प्रश्नावर मी आठ दिवस काढले. छातीत धडधडतंय म्हणून डॉक्टरकडेसुद्धा जाऊन आलो. त्यांनी तपासलं आणि म्हणाले, काही झालेलं नाही, काय करायचं आहे ते करून टाका.

ती याच शहरात असते, मुलाकडे. दोन बस बदलाव्या लागतात. दार तिनेच उघडलं. केस सगळे पांढरे, डोळे अजून लाल. डिंकाचे.

"सुई," ती म्हणाली. मी नाव सांगणार होतो, पण 'हो' म्हणालो.

"बसा" म्हणाली नाही. मी उभ्यानेच सांगितलं, "तुम्हाला सांगायला आलो. मी पाहिलं होतं."

"मला माहीत आहे तुम्ही पाहिलं होतं," ती म्हणाली. "मी तुमच्याकडेच बघत होते."

मी माफीचं काहीतरी बोलू लागलो. ती म्हणाली, "ती राहू द्या. कागद आहे?" होता. जाताना घेऊन गेलो होतो, पण काढायचा धीर झाला असता की नाही कोण जाणे. मग तिने मला टेबलाशी बसवलं. मी लिहिलं. तारीख आठवली तेवढी, रेक्झिनचे गठ्ठे, फोरमनचं नाव, मी कुठे उभा होतो, पुढाऱ्यांनी काय सांगितलं, मी कशावर सही केली. ती मागे उभी राहून वाचत होती. मी विचारलं, "आता याचं काय करणार?" म्हणाली, "ते मी ठरवीन. तुम्ही लिहा."

संपल्यावर तिने कागद उचलून पुन्हा पहिल्यापासून वाचला. मग माझ्यासमोर ठेवला आणि एका जागी बोट टेकवलं. तिथे मी लिहिलं होतं, फोरमनने बहुतेक तिचा हात धरला होता.

'बहुतेक'वरून ती बोट काढेना. मी तो शब्द खोडला. मग तिने बोट काढलं, आणि मी खाली माझं पूर्ण नाव लिहून सही केली.

नाना